एकशेवीस गोल पानांचं शहर

[दृश्य : रेल्वे स्थानक, सकाळ. गाडीतून उतरणारी मोजकी माणसं.]

पाटीवर 'सावंतवाडी रोड' असं नाव असलं, तरी हे स्थानक आहे मळगावात. शहर इथून रिक्षाने गाठायचं. गाडीतले बरेचसे प्रवासी मात्र जागचे हलत नाहीत, त्यांना गोव्याला जायचंय. रस्त्याने येणाऱ्यांचंही तेच. झाराप ते पत्रादेवी हा बाह्यवळण मार्ग झाल्यापासून मुंबईच्या गाड्यांना सावंतवाडीत शिरायचं कारणच उरलेलं नाही.

ज्यांच्याबरोबर लहान मुलं आहेत, त्यांनी हा फाटा चुकवू नये. 2011 च्या जनगणनेत पंचवीस हजारांच्या आत लोकसंख्या असलेलं हे शहर. वॉटर पार्क नाही, रोपवे नाही. पण खेळणं तयार होताना बघता येईल, ते करणाऱ्याशी दोन शब्द बोलता येतील आणि संध्याकाळी त्याच खेळण्याशी खेळत बसता येईल, अशी शहरं महाराष्ट्रात किती उरलीत?

[दृश्य : मोती तलाव, काठावरची वर्दळ. पाण्यापलीकडे राजवाडा.]

हा मोती तलाव. 1874 सालचा. शहराच्या मधोमध पाणी आणि त्याच्या भोवतीने गाव. त्यामुळे नवख्या माणसालाही वाट चुकायची भीती नाही. सकाळी इथे फेऱ्या मारणारी मंडळी, संध्याकाळी काठावर बसून रंगणाऱ्या गजाली, आणि गणपतीत विसर्जनाची गर्दी. मुलांना घेऊन एक पूर्ण फेरी मारा. पण भरभर नको, नाहीतर बगळे बघायचे राहून जातील.

तलावासमोर लेस्टर गेट, आणि आत भोसले घराण्याचा राजवाडा. जांभ्या दगडाचा, प्रशस्त, पण डोळे दिपवणारा नाही. राजवाडा म्हटल्यावर मुलं तलवारी शोधू लागतात. इथे त्यांना दरबार हॉलमध्ये न्यावं.

[दृश्य : दरबार हॉल. कलाकाराचा हात, बारीक कुंचला, गोल पान.]

हॉलमध्ये एका बाजूला बैठी मेजं मांडून काही जण मान खाली घालून रंगकाम करत असतात. रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गोल चकतीवर, चार-दोन केसांच्या कुंचल्याने, एक मासा आकार घेत असतो. ही गंजिफा.

गंजिफा म्हणजे पत्त्यांचा खेळ, पण पत्ते गोल. सावंतवाडीची ओळख आहे दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पानं : एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत. एकूण पानं 120. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. सहाच्या पानावर सहा मासे मोजून घ्यायचे. वाचता न येणाऱ्या मुलालाही पान ओळखता येतं, आणि तीन-चार वर्षांची पोरं आपण सांगायच्या आधीच मोजायला लागतात.

पूर्वी ही पानं कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून करत. वरून रंग, मग लाखेचा लेप. श्रीमंतांघरच्या गंजिफा हस्तिदंताच्याही असत. ही कला सावंतवाडीत जवळजवळ संपली होती. स्वातंत्र्यानंतरच्या काळात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी शहरातल्या उरल्यासुरल्या जुन्या जाणकाराकडून ती समजून घेतली, नवे हात तयार केले आणि राजवाड्यातच कामाला जागा दिली. आज आपण कलाकाराच्या समोर उभे राहून बघू शकतो, ते त्यामुळे.

खेळायचं कसं? तिघांनी. प्रत्येकाला चाळीस पानं. हुकूम नाही. दिवसा खेळायला बसलात, तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, म्हणजे पहिलं पान त्याने टाकायचं. रात्री बसलात, तर कृष्णाच्या राजाची. हे ऐकलं की मुलं हमखास विचारतात, "मग संध्याकाळी?" ज्याचं त्याने ठरवावं. खरी गंमत पुढे आहे. निम्म्या रंगांत दहाचं पान एक्क्याहून भारी, आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का दहाहून भारी. शिवाय कुठली पानं खेळून झाली, ते डोक्यात ठेवायचं. जो लक्षात ठेवील, तो जिंकेल. आणि आजीच्या लक्षात सगळ्यांत जास्त राहतं, हे नातवंडांना लवकरच कळतं.

पहिल्याच दिवशी सगळे नियम शिकवायला जाऊ नका. आधी नुसते दहा राजे ओळखा. हाताने रंगवलेला अख्खा संच महाग असतो, आणि तो असायलाच हवा. एकेका पानावर किती वेळ जातो, ते आत्ताच बघितलंत ना?

एक सूचना. राजवाडा पाहण्याच्या वेळा आणि सुट्ट्या निघण्याआधी विचारून घ्या. मुलांना दारातून परत न्यायची वेळ फार वाईट.

[दृश्य : चितारआळी. दुकानांबाहेर टांगलेली रंगीत खेळणी. लेथचा आवाज.]

राजवाड्यातून चालत चितारआळीत यायचं. लाकडी खेळण्यांसाठी हे नाव महाराष्ट्रभर ठाऊक आहे. भातुकलीचे संच, बैलगाड्या, पाळणे, भोवरे. आणि सावंतवाडीची खास लाकडी फळं : आंबा, केळी, फणस, काजूचं बोंड. ताटात ठेवली तर पाहुणा हात घालतो. पूर्वीपासून यासाठी पांगाऱ्याचं लाकूड वापरलं जातं. हलकं, मऊ, हत्याराला सहज वळणारं. आता इतर लाकडंही येतात. ओंडका लेथवर चढला की पातळ सालपटं उडू लागतात, आणि बघता बघता लाकडातून भोवरा डोकं वर काढतो. मुलांना हे बघायला मिळालं, तर विकत घ्यायची घाई आपोआप मागे पडते.

पण दुकानात गेल्यावर डोळे उघडे ठेवा. लाकडाच्या शेजारी बाहेरून आलेलं प्लॅस्टिकही टांगलेलं असतं, आणि मुलाचा हात आधी त्यावरच पडतो. दुकानदाराला सरळ विचारा, यातलं इथे घडलेलं कुठलं? तो रागावत नाही, उलट खूश होऊन मागच्या फळीवरचं काढून दाखवतो. "बसा हो, घाई कित्याक?" हे वाक्य इथे तुम्हाला दिवसातून दोनदा तरी ऐकायला मिळेल.

दुपारचं जेवण साधंच : उकड्या तांदळाचा भात, माशांचं तिखलं, सोलकढी. तिखट न खाणाऱ्या पोरांसाठी घावणे. मग थोडी झोप, कारण कोकणातल्या दुपारी बाहेर हिंडण्यात अर्थ नाही. उन्हं कलली की नरेंद्र डोंगर. शहराला टेकूनच आहे, वर मारुतीचं देऊळ, वाट झाडीतून जाणारी. लहानग्यांनाही झेपते.

[दृश्य : आंबोली घाट, धुकं, पाऊस.]

पावसाळ्यात आलात तर एक दिवस आंबोलीसाठी ठेवा. तीसेक किलोमीटर, पुढचा रस्ता घाटाचा. धबधब्याखाली सुट्टीच्या दिवशी इतकी गर्दी असते की मुलांच्या वाट्याला माणसांचे पायच येतात. तिथे थोडक्यात आटपून पुढे हिरण्यकेशीला जावं. नदी इथे उगम पावते आणि समुद्र इतका जवळ असूनही पाठ फिरवून पूर्वेला निघते, घटप्रभेला आणि मग कृष्णेला मिळायला. देवळापाशी जे कुंड आहे, तिथल्या एका छोट्या माशाची नवी प्रजाती म्हणून 2020 मध्ये नोंद झाली. त्याचं नावच 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. 2021 मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. म्हणून पाण्यात हात घालायचा नाही, बिस्किटं टाकायची नाहीत. काठावर बसून पाहायचं.

अंधार पडल्यावर आंबोलीत बेडूक बघायला नेणारे जाणकार भेटतात. सोबत टॉर्च, पायात बंद बूट, आणि जळवा लागल्यावर किंचाळायचं नाही हा करार. 2009 मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला आंबोलीचा भेक याच जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळांवर, राहतो, आणि त्याचा मुलूख अगदी चिमुकला आहे. पाऊल बघून टाका.

[दृश्य : रात्र. देवळासमोरचा मंडप, पेटी आणि पखवाज.]

तुळशीचं लग्न झालं की गावागावांत जत्रा सुरू होतात, आणि जत्रेत रात्री दशावतारी नाटक. सावंतवाडीच्या आसपास त्या दिवसांत चौकशी केली, तर कुठे ना कुठे नाटक असतंच. रंगमंचावर सामान म्हणाल तर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर. बायकांच्या भूमिका पुरुष करतात. लिहिलेली संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे जुळवलेले.

मुख्य आख्यानाआधीचा भाग म्हणजे आडदशावतार. त्यात शंखासुर येतो. काळा वेश, डोक्यावर उंच टोपी, तोंडी अस्सल मालवणी. पुढे बसलेली पोरं आईच्या पदराआड जातात आणि तिथूनच डोकावून हसतात, कारण हा राक्षस भटजीची अशी काही फिरकी घेतो की भीती टिकतच नाही. त्याने वेद चोरलेत. ते परत आणायला विष्णू मत्स्यरूप घेणार आहे.

सकाळी राजवाड्यात मासा रंगवताना पाहिलेलं मूल इथे तुमचा हात ओढतं. त्याला गोष्ट ठाऊक आहे. मुख्य आख्यान पहाटेपर्यंत चालतं, तितकं कुणी लहान मूल जागत नाही. पण शंखासुरापर्यंत जागू द्या. मग बाहेरच्या दुकानातून मालवणी खाजं घ्या, कागदात बांधून, आणि झोपलेल्याला खांद्यावर टाकून निघा. उद्याच्या डावात राजा कुणाकडे आला, यावरून सकाळी भांडण होणारच आहे.