पाणी किती फुटांवर?

श्रोतेहो, नमस्कार. जुलै उजाडला की आमच्या कोल्हापुरात ख्यालीखुशाली विचारायची पद्धत बदलते. "पाणी किती फुटांवर?" एवढंच. म्हणजे राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचं पाणी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. शाळकरी पोरांनाही पाठ. पाठोपाठ दुसरा प्रश्न, "राधानगरीचे किती दरवाजे उघडले?" हे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की आपसूक उघडतात, कुणाला विचारत नाहीत.

आता २०१९ आठवा. जूनमध्ये देशात सरासरीपेक्षा ३३ टक्के पाऊस कमी. प्रशांत महासागरात एल निनो रेंगाळत होता, म्हणजे तिथलं पाणी तापलेलं; ते तापलं की आपला पाऊस बहुधा रोडावतो. मग हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू तापली, इंडोनेशियाकडची थंडावली. असा झुकाव बहुधा आपल्या मोसमी पावसाला बळ देतो. ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि हंगाम संपला तो सरासरीच्या ११० टक्क्यांवर.

मग काय, समुद्राचा झुकाव बघावा आणि पूर ओळखावा? छे! २०२१ साली तोच झुकाव उलट्या बाजूला होता. देशाचा पाऊस ९९ टक्के, म्हणजे कागदावर अगदी शहाण्यासारखं वर्ष. तरी जुलैच्या चौथ्या आठवड्यात महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरहून जास्त कोसळला. पश्चिमेला उतरणाऱ्या सावित्रीने महाड बुडवलं. इकडे पंचगंगा ५६ फुटांच्याही वर.

महासागर वर्षाचा कल ठरवतात. पूर मात्र घाटातल्या दोन-चार दिवसांत घडतो. वारा भिंतीसारख्या सह्याद्रीवर आदळून वर चढतो, थंड होतो आणि बाष्प तिथेच रितं करतो. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. कोकणातल्या नद्या आखूड नि तीव्र उताराच्या, तिथे सारं काही तासांचं काम. आमच्याकडे उतार संपलेला, म्हणून पाणी चढतं सावकाश आणि हटायचं नाव घेत नाही.

आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाच्या भिंतीवर २०१९ ची खूण आहे, तिच्यावर चार बोटं २०२१ ची. दुकानदार "यंदा सरासरीइतका पाऊस" ऐकतो, मान डोलावतो, आणि घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरला गाठून विचारतो, "काल रात्री वर कसा होता?"