फुलांच्या दरीला दोन दिवस

(एका गिरिभ्रमण मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो,

फुलांच्या दरीच्या पायथ्याशी असलेल्या घांगरिया गावाच्या बाजारात चहाच्या टपरीवर बसले की दुपारी बाराच्या सुमारास एक वाक्य हमखास कानावर पडते, आणि पुष्कळदा ते मराठीतच असते : ‘‘एवढी तंगडतोड केली, पण फोटोत दिसतात तशी फुले काही दिसली नाहीत.’’ असे म्हणणारी माणसे खोटे बोलत नसतात. सकाळी निघून, धापा टाकत चढण चढून, उघड्या कुरणाच्या तोंडाशी अर्धा तास थांबून ती परत आलेली असतात, कारण त्यांच्या कार्यक्रमात दुसऱ्या दिवशी हेमकुंड, म्हणजे तिथले उंचावरचे शीख तीर्थस्थान, आणि तिसऱ्या दिवशी बद्रीनाथ आधीच ठरलेले असते. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवले आणि उत्तराखंडातल्या या राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ म्हणतो तिथे, निरनिराळ्या महिन्यांत सहा वेळा जाऊन आलो. या दरीला किमान दोन पूर्ण दिवस द्यावेत आणि ते दोन्ही दिवस सावकाश, पायवाट न सोडता चालावे, एवढी एकच गोष्ट मला आज तुमच्या गळी उतरवायची आहे.

आधी रस्ता सांगतो. ऋषिकेशहून बद्रीनाथकडे जाणाऱ्या रस्त्यावर जोशीमठच्या पुढे सुमारे २० किलोमीटरवर गोविंदघाट लागते. त्याची उंची १,८०० मीटरच्या आसपास आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागेवर उभे राहिल्यावर आपण जिथे असतो त्याच्याही वरून इथली चाल सुरू होते, हे सह्याद्रीत तयार झालेल्या ट्रेकरने मनात पक्के धरून ठेवावे. गोविंदघाटहून पुलना गावापर्यंत जीप जाते, आणि तिथून घांगरियापर्यंत साधारण दहा किलोमीटरची फरसबंद वाट लक्ष्मणगंगेच्या काठाने चढत जाते. या वाटेवर हेमकुंड साहिबचे यात्रेकरू, खेचरे, पाठीवरच्या कंडीत म्हातारी माणसे किंवा लहान मुले वाहून नेणारे कामकरी अशी सारखी ये-जा असते. खेचर आले की डोंगराच्या अंगाला उभे राहावे, दरीच्या अंगाला कधीही नाही.

वाटेत भ्यूंडार गाव लागते. पुलना आणि भ्यूंडार ही एकाच समाजाची दोन ठिकाणे आहेत. हिवाळ्यात खाली पुलन्याला आणि उन्हाळ्यात वर भ्यूंडारला राहायचे, अशी या लोकांची रीत होती. जून २०१३ च्या महापुरात भ्यूंडार गाव उद्ध्वस्त झाले, गोविंदघाटचा पूल वाहून गेला आणि वाट अनेक ठिकाणी नाहीशी झाली. आज आपण ज्या वाटेने निर्धास्त चालतो ती पुष्कळशी त्यानंतर नव्याने काढलेली आहे. तिथून जाताना नदीच्या पात्रात पडलेले खोलीएवढे धोंडे थांबून पाहावेत. पावसाळ्यातला हिमालय म्हणजे काय, हे त्या धोंड्यांइतके दुसरे कोणीही सांगू शकत नाही. याच कारणासाठी जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्याने परतीच्या रेल्वेगाडीच्या आधी दोन मोकळे दिवस ठेवावेत. दरड कोसळली की रस्ता कधी मोकळा होईल हे कोणाच्याच हाती नसते.

घांगरिया ३,०५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्केच असतो. पहिल्या रात्री डोके किंचित जड होणे, भूक मंदावणे हे स्वाभाविक आहे. पण तशा स्थितीत दुसऱ्याच सकाळी सहा किलोमीटरांत हजार मीटरहून अधिक चढून हेमकुंडला जाणे हा अविचार आहे. एका वर्षी आमच्या गटाला सहल-आयोजकाने नेमका तोच क्रम आखून दिला होता. गटातल्या एका बाईंना वर पोचण्याआधीच उलट्या सुरू झाल्या, त्यांना आधार देत खाली आणावे लागले आणि उरलेला प्रवास त्यांनी खोलीतच काढला. त्यांनी वर्षभर रोज पहाटे टेकडी चढून तयारी केली होती. ती तयारी वाया गेल्याचे दुःख मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. म्हणून माझा आग्रह असा, की आधी दरी, पुन्हा दरी आणि मगच हेमकुंड. दरीतली चढण सौम्य आहे आणि तिथे दोन दिवसांत शरीर त्या उंचीला सरावते.

घांगरियाच्या पुढे थोड्याच अंतरावर दोन वाटा फुटतात. उजवीकडची हेमकुंडला जाते, डावीकडची वनखात्याच्या चौकीवर नोंद करून उद्यानात शिरते. उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर एवढेच उघडे असते. आत मुक्काम करता येत नाही, खेचरे नेता येत नाहीत आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर यावे लागते. पहिला टप्पा झाडीतला आहे. मग पुष्पावती नदी एका अरुंद घळईतून फेसाळत उतरते, तिच्यावरचा पूल ओलांडला की वाट नागमोडी चढू लागते आणि भूर्जवृक्ष दिसू लागतात. पूर्वी ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या जात ते हे भूर्जपत्र. त्याची साल कागदासारख्या पापुद्र्यांनी सुटत असते आणि वाऱ्यावर फडफडते. ती सोलायचा मोह होतो, पण तो आवरावा, कारण सुटलेल्या पापुद्र्याबरोबर आतली जिवंत सालही निघते.

ही घळई एवढी चिंचोळी आहे की पलीकडे सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद अशी मोकळी दरी असेल, याची खालून कल्पनाही येत नाही. १९३१ साली कामेट शिखर सर करून परतणारे ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ, एरिक शिप्टन आणि त्यांचे सोबती दुसऱ्याच बाजूने, भ्यूंडारची खिंड ओलांडून, या दरीत उतरले. स्माइथ १९३७ मध्ये पुन्हा आला, त्याने वनस्पती गोळा केल्या आणि पुढच्या वर्षी निघालेल्या त्याच्या पुस्तकामुळे ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ हे नाव जगभर झाले. त्याने दरी ‘शोधली’ असे म्हणण्याची पद्धत मला मान्य नाही. भ्यूंडारचे मेंढपाळ तिथे कितीतरी आधीपासून उन्हाळ्यात कळप नेत होते. वरच्या कुरणांत आछरी, म्हणजे पऱ्या, राहतात. तिथे भडक कपडे घालू नयेत, आरडाओरडा करू नये, नाहीतर त्या माणसाला ओढून नेतात, अशी गढवाली माणसांची श्रद्धा आहे. ब्रह्मकमळ नंदाष्टमीच्या आधी तोडू नये, असाही संकेत आहे. फूल पुरते उमलून बी धरू लागण्याचा काळ आणि तो सण एकमेकांच्या जवळ येतात. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या संकेताबद्दल फार आदर वाटतो.

१९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग ही इंग्रज अभ्यासक इथे वनस्पती गोळा करायला आली आणि उतारावरून घसरून मरण पावली. तिची समाधी दरीतच आहे. पुढे तिच्या बहिणीने येऊन तिथे शिळा बसवली. बहुतेक गटांची धाव या समाधीपर्यंतही पोचत नाही. ज्यांची पोचते त्यांनी तिथे बसावे, पाणी प्यावे आणि वर पाहावे. दरीच्या टोकाला टिपरा हिमनदी आणि रताबनचे शिखर ढग हटले तर दिसते.

आता फुलांविषयी. या उद्यानात पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पती नोंदलेल्या आहेत, पण त्या एका वेळी फुलत नाहीत. जूनमध्ये बर्फ वितळते तसतशा त्याच्या काठाकाठाने प्रिम्युला फुलतात. जुलैत जिरेनियम आणि पोटेंटिला येतात. ऑगस्टमध्ये उंच झाडोरा माजतो. सप्टेंबरात पाने लाल-पिवळी होतात आणि सगळीकडे बी धरते. त्यामुळे ‘‘फुले आहेत का?’’ या प्रश्नाला अर्थ नाही, ‘‘आज कोणती आहेत?’’ असे विचारावे. आपल्या माणसांना इथे अनेक सगेसोयरे भेटतात. जूनमध्ये फणा काढलेल्या नागासारखा जो अॅरिसीमा दिसतो, त्याचाच भाऊबंद आपल्याकडे पहिल्या पावसात उगवतो आणि आपण त्याला सापकांदा म्हणतो. ऑगस्टमध्ये पायवाटेच्या दोन्ही अंगांना डोक्यापर्यंत वाढलेली गुलाबी झुडपे आपण गौरींना आणतो त्या तेरड्याच्याच कुळातली आहेत. ब्रह्मकमळाची गोष्ट मात्र उलटी आहे. आपल्या गच्चीवर रात्री उमलणारे पांढरे ब्रह्मकमळ हे अमेरिका खंडातून आलेले एक निवडुंग आहे. त्याचा हिमालयाशी संबंध नाही. खरे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले, आणि ते पाहण्यासाठी हेमकुंडच्या वाटेवर बरेच वर चढावे लागते. बाहेरून पाकळ्या वाटतात ती फिकट पिवळसर, कागदासारखी पातळ पाने असतात. ती ओंजळीसारखी मिटून राहतात आणि आतल्या जांभळ्या फुलांच्या गुच्छाला थंडी-पावसापासून राखतात. उजेड मात्र त्यांच्यातून आरपार आत जातो. ढगाळ सकाळी गुडघ्यावर बसून त्या ओंजळीत डोकावले की आत एखादा छोटा कीटक उबेला बसलेला दिसतो.

निळ्या पॉपीसाठी तर पुष्कळजण येतात. ती मोकळ्या कुरणात शोधू नये. खडकांच्या कपारीत, ओलसर सावलीत ती असते. पाकळ्या इतक्या तलम की पावसाचा थेंब पडल्यावर त्यावर रेशमासारख्या चुण्या पडतात, आणि देठावर मात्र बोटाला टोचतील असे काटे. हे झाड काही वर्षे नुसत्या पानांनी जगते, बळ साठवते, एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. ते फूल खुडणाऱ्याच्या हाती त्या झाडाचा सगळा जन्म येतो. मी हे प्रत्येक गटाला त्या फुलाजवळ थांबवून सांगतो, आणि ऐकल्यावर कोणी हात पुढे केल्याचे मला आठवत नाही.

पायवाटेचा आग्रहही मी याच कारणासाठी धरतो. या उंचीवर झाडांना वाढायला जेमतेम चार महिने मिळतात. आपल्याकडे तुडवलेले गवत पुढच्या पावसात उभे राहते. तिथे एका माणसाने फोटोसाठी टाकलेली वीस पावले दुसऱ्याला वाट वाटतात, तिसरा त्यावरून जातो आणि महिन्याभरात तिथे पांढरा पट्टा उमटतो, ज्यातून पावसाचे पाणी माती घेऊन उतरते. खाल्लेल्या गोळीचा कागदसुद्धा खिशात घालून परत न्यावा. भ्यूंडारच्या लोकांनी समिती करून या वाटेवरचा कचरा पाठीवरून खाली आणण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे. त्यांच्या पाठीवर आपण आणखी वजन टाकू नये.

एक अवघड विषय टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. १९८२ मध्ये ही दरी, भोवतालच्या डोंगरांसह एकूण ८७.५ चौरस किलोमीटरचा परिसर, राष्ट्रीय उद्यान झाली आणि तिथली चराई बंद झाली. २००५ मध्ये नंदादेवी उद्यानाच्या जोडीने तिला जागतिक वारशाचे स्थान मिळाले. मेंढ्या गेल्यावर फुले वाढतील अशी अपेक्षा होती. पुष्कळ वाढलीही, पण त्याबरोबर अमेला नावाची, पुरुषभर उंच होणारी, पांढऱ्या तुऱ्यांची वनस्पती दरीच्या मोठ्या भागावर पसरली आणि तिच्या दाट सावलीखाली लहान फुलझाडे कोंडली. अमेला परदेशी नाही, हिमालयातलाच आहे. आता वनखाते दरवर्षी माणसे लावून तो उपटते. चराई थांबल्यामुळेच तो माजला, की दरडींनी उघड्या पडलेल्या जमिनीमुळे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. साताऱ्याच्या कास पठारावर तारेचे कुंपण घातले गेले तेव्हाही गुरे थांबल्याने उंच गवत माजते, हाच मुद्दा पुढे आला आणि नंतर ते कुंपण काढण्यात आले. कासची जांभ्यावरची वीतभर माती आणि इथली हिमनदीने कोरलेली दरी यांची सरळ तुलना करता येणार नाही. तरीही माझे मत असे आहे, की पिढ्यान्‌पिढ्या त्या कुरणात वावरलेल्या लोकांना नुसते हमाल आणि टपरीवाले करून ठेवण्याऐवजी दरीच्या देखभालीचे निर्णय त्यांना बरोबर घेऊन व्हायला हवे होते. तुम्ही गेलात की वाटाड्या म्हणून पुलना-भ्यूंडारचाच माणूस घ्या आणि त्याला अमेल्याविषयी विचारा. त्याच्या आजोबांच्या काळी कोणते कुरण कसे होते, हे ऐकण्यात दुसऱ्या दिवसाची दुपार सहज जाते.

पहिल्या दिवशी माणूस चालण्यात गुंतलेला असतो, श्वास आणि पाऊस सांभाळत असतो. दुसऱ्या दिवशी तीच वाट ओळखीची झालेली असते, पाय आपोआप पडतात आणि डोळे मोकळे होतात. काल ज्या ओहोळावरून उडी मारून गेलो त्याच्याच काठच्या शेवाळात पेनाच्या टोकाएवढी फुले असल्याचे आज दिसते. मागे एकदा मी सप्टेंबरच्या अखेरीस गेलो होतो. फुले जवळजवळ संपली होती, दरीत आम्ही चौघेच होतो. तेरड्याची झुडपे सुकून वाटेवर ओणवली होती आणि त्यांची बोंडे तट्ट फुगली होती. परसातल्या तेरड्याचे बोंड चिमटीत धरून फोडण्याचा खेळ लहानपणी आपण सगळेच खेळलो आहोत. तिथे मात्र कोणी हात लावण्याची गरज नव्हती. आमच्या बाह्या नुसत्या घासल्या तरी बोंडे तडकत होती, आणि चौकीपर्यंत पोचेतो आमच्या दोन्ही बाजूंना ओल्या पानांवर बी पडल्याचा बारीक टपटप आवाज येत राहिला.