बंबाच्या पाण्यानं रुजलेलं बी

(पडद्यावर: लाकडी कपाटाचं दार उघडतं. पिवळट कागद, त्यावर डकवलेली वाळकी फांदी.)

सप्टेंबर १९४०. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमवर आग लावणारे बॉम्ब पडले आणि वनस्पतिविभाग पेटला. शे-दोनशे वर्षांपूर्वीची वाळलेली पानं, फुलं, फांद्या, तीही कागदावर! बंबांनी आग विझवली, पण बरेच नमुने ओले झाले.

त्यांत चीनमधून १७९३ साली आणलेल्या बिया होत्या. झाडाचं नाव अल्बिझिया जुलिब्रिसिन, म्हणजे आपल्या शिरीषाचं भावंडच. त्या बिया रुजल्या. १४७ वर्षांनी.

(पडद्यावर: तळहातावर शिरीषाच्या बिया.)

आपल्याकडच्या रोपवाटिकेत काम करणाऱ्यांना यातली गोम लगेच कळेल. शिरीषाच्या बीचं कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही; म्हणून पेरण्याआधी बी गरम पाण्यात भिजत घालतात. लंडनमध्ये हे काम आगीची धग आणि बंबाचं पाणी यांनी केलं असावं.

पण बी १४७ वर्षांचं होतं, हे कळलं कशावरून? कागदावरच्या नोंदीवरून. झाड कुठलं, कधी तोडलं, कोणी आणलं, एवढंच तिच्यात असतं. मला तर फांदीइतकीच ती नोंद मोलाची वाटते. ती हरवली, तर उरतो नुसता पाचोळा.

(पडद्यावर: चामडी बांधणीचे जाडजूड खंड.)

याच संग्रहालयात हान्स स्लोन या डॉक्टरांचे, वाळवलेल्या वनस्पती डकवलेले २६५ खंड आहेत. १६८७ मध्ये ते जमैकाला गेले, तिथली कोकोची फांदीही यात आहे. ते बेट गुलामांच्या घामावर चालत होतं, आणि झाडांची माहिती स्लोननी त्या गुलाम माणसांकडूनही घेतली. हे खंड उलगडताना हे विसरून चालणार नाही.

याच स्लोननी १७२२ मध्ये लंडनमधल्या चेल्सीच्या औषधी बागेची जागा वर्षाला ५ पौंड भाड्यानं औषध बनवणाऱ्यांच्या संस्थेला दिली. एक अट अशी: दरवर्षी ५० वनस्पतींचे वाळवलेले नमुने रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला द्यायचे, एकूण २००० नमुने होईपर्यंत. बागेतली झाडं अशी कागदावर येत राहिली.

१९४० नंतर उलटं घडलं. कागदावरच्या बियांतून उगवलेली रोपं त्याच चेल्सीच्या बागेत लावली गेली.

१९४१ मध्ये बागेवरही बॉम्ब पडला. रोपं गेली.