प्रोब फिरवून बघा
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'यकृतातली गाठ काढताना सोनोग्राफी: कुठे कापायचं हे कसं ठरतं'. त्यावर बोलणार आहेच. पण आधी एक तक्रार. ती केल्याशिवाय माझं भाषण सुरूच होत नाही, हे इथल्या काही जणांना आता पाठ झालंय.

पेशंटचा सीटी झालेला असतो, एमआरआय झालेला असतो, गाठी मोजून झालेल्या असतात. पोट उघडलं की मी म्हणतो, मशीन आणा. आणि हमखास कुणीतरी विचारतं, "सर, आता परत सोनोग्राफी कशाला? सगळं दिसलंय की!" मग मशीन येतं, पण कसं? कोपऱ्यातून कुरकुरत, वायर पुरत नाही, स्क्रीन माझ्याकडे पाठ करून. (समोर दोन भूलतज्ज्ञ हसतायत. त्यांच्याच मागच्या कोपऱ्यात ते ठेवलेलं असतं.) मग प्रोब, म्हणजे ध्वनी सोडणारा आणि प्रतिध्वनी टिपणारा मशीनचा हातात धरायचा भाग, दोनदा यकृताला टेकवायचा, 'नवीन काही नाही' म्हणायचं आणि मशीन परत कोपऱ्यात. ही तपासणी नव्हे, ही हजेरी झाली.

अहो, पोटावरून सोनोग्राफी करताना ध्वनीला कातडी, चरबी, बरगड्या, आतड्यातली हवा या सगळ्यांतून वाट काढावी लागते. खोल पोचायचं म्हणून साधारण 3.5 मेगाहर्ट्झचा प्रोब वापरतात. यकृत समोर उघडं असलं की आपण 5 ते 10 मेगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकतो. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे 1,540 मीटर धावतो. हिशेब करा: 3.5 ला तरंगलांबी 0.44 मिलिमीटर, 7.5 ला 0.2. तरंग जितका आखूड, तितकं बारीक दिसतं. तो खोलवर जात नाही, हे खरं. पण यकृत तर हातातच आहे, खोल जायचंय कुणाला?

आता तो किस्सा. मी शिकाऊ होतो. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेला, सीटीवर दोन गाठी, दोन्ही उजवीकडे. आमच्या सरांनी प्रोब माझ्या हातात दिला. असा मान मिळाला की माणूस काहीतरी शोधल्याशिवाय राहत नाही. मला सापडलं! डावीकडे पांढराशुभ्र गोळा, मागे काळी सावली. मी ओरडलोच, "सर, तिसरी गाठ!" थिएटर चिडीचूप. डावीकडेही गाठ म्हणजे ठरवलेला सगळा बेत मोडीत. सर गप्प. मला वाटलं, थक्क झाले असावेत. मी अजून रंगात आलो. माप घेतलं, कडा कशा आहेत ते सांगितलं, सावलीवर दोन वाक्यं टाकली, बहुधा कॅल्शियम साचलंय असं निदानही करून टाकलं.

"झालं?"

"हो सर."

"प्रोब काटकोनात फिरव."

फिरवला. गोळ्याची दोरी झाली.

ती लिगामेंटम टेरिस होती. आईच्या पोटात असताना नाळेतून रक्त आणणारी शीर जन्मानंतर बंद पडते आणि बेंबीपासून यकृतापर्यंत दोरीसारखी उरते. सर म्हणाले, "तुझ्या पोटातही आहे. काढायची का?"

आणि तिसरी गाठ? नव्हतीच. दोनच होत्या.

गोळा कुठल्याही बाजूने गोळाच दिसतो. नळी किंवा दोरी मात्र आडवी पाहिली की गोल आणि उभी पाहिली की लांब. म्हणजे तपास पडद्यावर होत नाही, मनगटात होतो. म्हणून माझा हट्ट असा की प्रोब कापणाऱ्याच्याच हातात हवा, आणि ऑपरेशनच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत हवा. रेडिओलॉजिस्ट मंडळींनी रागावू नये. तुम्ही शेजारी उभे राहा, चुका काढा. पण कोणी काढून दिलेल्या फोटोवर मी सुरी चालवणार नाही.

चिठ्ठी आली. सात मिनिटं? बरं. म्हणजे छापलेला विषय सात मिनिटांत.

यकृताचे आठ भाग फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्विनो यांनी 1957 मध्ये मांडले. पण यकृताच्या पाठीवर त्यांच्या सीमारेषा आखलेल्या नाहीत. आतल्या रक्तवाहिन्यांवरून भाग ठरतात. पोर्टल व्हेन, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर: तिच्या फांद्यांची भिंत पांढरी, ठळक. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या हिपॅटिक व्हेनची भिंत जवळजवळ दिसतच नाही. गाठ कुठल्या फांदीवर बसलीय हे कळलं की किती काढायचं ते कळतं. निरोगी यकृताचा 20 ते 30 टक्के भाग उरला तरी माणूस तरतो, सिरोसिस असेल, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झालेलं असेल, तर 40 तरी हवेत, म्हणून उगाच अर्धं यकृत उडवायची चैन परवडत नाही. जपानमध्ये मासातोशी माकुउची यांनी 1980 च्या दशकात यावर वाट काढली. सोनोग्राफीत बघत त्या भागाच्या पोर्टल फांदीत सुई घालायची आणि निळा रंग सोडायचा. तेवढाच भाग निळा होतो, तेवढाच काढायचा. मूळ यकृताचाच कर्करोग पोर्टल फांद्यांच्या वाटेने पसरतो, त्यामुळे ते तर्कालाही धरून आहे.

कापायला लागल्यावर फटीत हवेचे बुडबुडे अडकतात आणि पडद्यावर पांढरी रेघ उमटते. गाठ आणि रेघ यांत अंतर किती, हे मधूनमधून बघायचं. रेघ गाठीकडे झुकली तर तिथेच दिशा बदलायची. हे पहिल्या पाच मिनिटांत मशीन परत पाठवणाऱ्याला कसं दिसणार?

केमोथेरपीनंतर सीटीवर गाठ दिसली नाही म्हणजे ती गेलीच, असं नाही. अशा वेळी शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडतात. त्यांतला एक प्रकार यकृतातल्या कुप्फर पेशी, म्हणजे तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी, गिळतात आणि यकृत उजळतं. कर्करोगाच्या गाठीत या पेशी नसल्यात जमा, त्यामुळे गाठ काळी राहते. पृष्ठभागालगतची गाठ मात्र प्रोबच्या अगदी तोंडाशी असल्याने निसटते. तिथे मध्ये सलाइन ठेवा, आणि बोटांनी चाचपा. बोटं अजून निवृत्त झालेली नाहीत.

हो हो, संपवतो. काढलेला तुकडा थेट बाटलीत टाकू नका. सलाइनच्या भांड्यात बुडवा, त्यावर प्रोब धरा आणि गाठ आत आहे, कडेपासून लांब आहे, हे बघून घ्या. दोन बाजूंनी.