रिपोर्टमधला लाल आकडा

बरेच आईवडील माझ्यासमोर बसतात तेव्हा फाईल आधीच उघडलेली असते. रक्ताच्या रिपोर्टवर एका आकड्याभोवती पेनाने गोल काढलेला असतो. "डॉक्टर, इओसिनोफिल वाढलेत. म्हणजे दमाच ना?" रात्री खोकला येतो का, धावल्यावर छातीत सूं-सूं वाजतं का, हे मी विचारेपर्यंत त्यांच्या मनात निकाल लागलेला असतो. आज बोलायचंय ते या गोलाबद्दल.

इओसिनोफिल ही पांढऱ्या पेशींची एक जात. पॉल एर्लिख यांनी 1879 मध्ये ती वेगळी ओळखली. इओसिन नावाचा तांबूस रंग ती पिऊन घेते, म्हणून हे नाव. ही पेशी हाडांच्या मगजात तयार होते, रक्तात थोडे तास राहते आणि मग ऊतींमध्ये शिरून तिथे दिवसचे दिवस मुक्काम करते. म्हणजे रक्त हा तिचा रस्ता आहे, घर नव्हे. दम्याची सूज असते श्वासनलिकेत, आणि आपण मोजतो रस्त्यावरची वर्दळ. त्या वर्दळीवरून आत काय चाललंय याचा अंदाज येतो, पण तो अंदाजच.

शिवाय मोजतानाही गंमत होते. समजा, एका मुलाच्या पांढऱ्या पेशी 8000 आहेत आणि त्यात इओसिनोफिल 6 टक्के. दुसऱ्याच्या पेशी 16000 आणि इओसिनोफिल 3 टक्के. पहिल्याचे आईवडील घाबरतात, दुसऱ्याचे निर्धास्त असतात. गुणाकार करून बघा, दोघांचेही 480 च भरतात. म्हणून टक्के बघू नका, एकूण संख्या बघा. तीही सकाळी कमी आणि रात्री जास्त असते. पोटात जंत असले की वाढते, अंगावर एक्झिमा, म्हणजे खाजरा त्वचारोग, असला तरी वाढते. आणि आदल्या रात्री धाप लागली म्हणून स्टेरॉइडचं औषध पाजलं असेल, तर सकाळच्या नमुन्यात इओसिनोफिल जवळजवळ दिसतच नाहीत. असा 'नॉर्मल' रिपोर्ट हातात घेऊन येणारे पालक मला लाल गोलवाल्यांपेक्षा जास्त काळजीत टाकतात.

दुसरा आकडा आयजीईचा, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या रक्तातल्या एका प्रतिपिंडाचा. याची कथा मला फार आवडते. 1921 साली प्राउस्निट्स आणि क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी एक प्रयोग केला. क्युस्टनरना मासे सोसत नसत. त्यांच्या रक्तातला द्रव प्राउस्निट्सनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे खाजरी गांध उठली! म्हणजे ॲलर्जी रक्तातून उसनी देता येते. रक्तातलं हे 'काहीतरी' म्हणजेच आयजीई, पण ते कळायला पुढे चाळीसहून अधिक वर्षं गेली. इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिख यांनी स्वीडनमध्ये ते स्वतंत्रपणे शोधलं. रक्तात आयजीई इतर प्रतिपिंडांच्या मानाने नगण्य असतं, पण मास्ट पेशींवर, म्हणजे ॲलर्जीची रसायनं सोडणाऱ्या पेशींवर, ते आठवडेच्या आठवडे चिकटून बसतं.

एकूण आयजीई वाढलं, एवढ्यावरून फारसं काही सांगता येत नाही. मूल मोठं होईल तसं ते आपोआप वाढतं, आणि जंतांमुळेही वाढतं. धुळीतल्या किड्याविरुद्ध, मांजराविरुद्ध असं नेमकं आयजीई तपासलं तर जास्त कळतं. तेही लक्षणांशी जुळलं तरच.

मग हे मोजायचं तरी कशाला? दमा आहे की नाही, ते ठरतं लक्षणांवरून, तपासणीवरून आणि फुंकायला जमणाऱ्या वयात फुंकून केलेल्या चाचणीवरून. रक्त सांगतं ते वेगळंच: दमा कोणत्या जातीचा आहे. इनहेलर नीट, रोज घेऊनही ज्याचा दमा आटोक्यात येत नाही, अशा मुलाचं इंजेक्शन निवडताना हे आकडे खरे उपयोगी पडतात. ओमालिझुमॅब आयजीईला अडवतं. मेपोलिझुमॅब इंटरल्युकिन-5 ला, म्हणजे इओसिनोफिलला वाढवणाऱ्या निरोपालाच अडवतं. सहा वर्षांपासून पुढच्या मुलांना ही औषधं देता येतात, पण लागतात फार थोड्यांना.

मोठ्यांसाठी बनलेलं माप मुलांना जसंच्या तसं लावता येत नाही, हेही सांगायला हवं. पेरिऑस्टिन नावाचं एक प्रथिन प्रौढांच्या दम्यात बरंच तपासलं गेलं. मुलांमध्ये मात्र त्याचा भरवसा धरता येईना. कारण साधं आहे. मुलांची हाडं वाढत असतात आणि वाढत्या हाडांतूनही पेरिऑस्टिन रक्तात येतं. आपण दमा मोजायला गेलो आणि मोजली उंची!

मघाशी मागून एका ताईंनी विचारलं, "आता रिपोर्ट चांगला आलाय, तर इनहेलर बंद करू का?" नाही, ताई. तो चांगला आलाय तो कदाचित इनहेलरमुळेच.