रिटर्नमध्ये सापडणारी मुलं

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते गरीब मुलांच्या मोजणीबद्दल, आणि तीही आयकराच्या रिटर्नवरून. ज्या घरात दोन वेळची भ्रांत, ते रिटर्न कशाला भरतील, असं तुम्हाला वाटेल. कॅनडात भरतात. कारण तिथे रिटर्न भरल्याशिवाय मुलांचा सरकारी भत्ता सुरूच राहत नाही.

24 नोव्हेंबर 1989 रोजी कॅनडाच्या संसदेनं एकमतानं ठराव केला: सन 2000 पर्यंत बालगरिबी संपवायची. मुदत टळून गेली. पण 'कॅम्पेन 2000' ही संस्थांची आघाडी सरकारला त्या शब्दाची आठवण देत राहिली, आणि तिच्या अहवालांचा आधार असतो हीच करविषयक माहिती.

मोजतात कसं? समजा, एक आई आणि तिची दोन मुलं. आईच्या रिटर्नमधून उत्पन्न कळतं, भत्त्याच्या नोंदींतून मुलं कळतात, पत्त्याच्या पिनकोडवरून वस्ती कळते. असं कागदावर एकेक कुटुंब जुळवतात. मग कर वजा जाता उरलेलं उत्पन्न माणसांच्या संख्येच्या वर्गमुळानं भागतात. म्हणजे चार माणसांच्या घराला एकट्या माणसाच्या चौपट नव्हे, दुप्पट पैसे लागतात असं धरतात, कारण छप्पर आणि चूल एकच असते. देशातल्या मधल्या माणसाचं जे उत्पन्न येईल, त्याच्या निम्म्याहून कमी असलं की ते घर अल्प उत्पन्नाचं.

या हिशेबानं 2020 मध्ये 13.5 टक्के मुलं गरीब होती. कोविडच्या मदतीमुळे आकडा उतरला होता. मदत थांबली आणि 2022 मध्ये तो 18.1 टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी सरकारच्या अधिकृत दारिद्र्यरेषेनं मात्र 9.9 टक्केच दाखवले. ती रेषा गरजेच्या वस्तूंच्या खर्चावर बेतलेली आहे आणि नमुना पाहणीवर चालते. शिवाय ही पाहणी आदिवासींच्या राखीव वस्त्यांत जात नाही. जिथे गरिबी सर्वांत दाट, तीच मुलं गाळून काढलेला आकडा मला पुरेसा वाटत नाही.

अर्थात रिटर्नमध्येही भोकं आहेत. राखीव वस्तीतलं पात्र आदिवासींचं उत्पन्न करमुक्त असतं, म्हणून काहीजण रिटर्न भरतच नाहीत. त्यांची मुलं भत्त्यालाही मुकतात आणि मोजणीलाही. आपल्याकडे शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे आणि मजुरी बहुतेक रोखीत मिळते, त्यामुळे असा हिशेब आपल्याला जमणारच नाही. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये गरिबी मांडली, ती घरखर्चाच्या पाहणीवरून आणि 2250 कॅलरींच्या आहारावरून. आपला रस्ता तोच राहिला.

तुमचं कुणी नुकतंच मुलाबाळांसह टोरंटो, ब्रॅम्प्टनकडे गेलं असेल, तर त्यांना एवढं जरूर कळवा: उत्पन्न शून्य असलं तरी नवरा-बायको दोघांनीही रिटर्न भरायचं, शक्यतो 30 एप्रिलच्या आत. तात्पुरत्या परवान्यावर असतील, तर सलग 18 महिने राहिल्यावर आणि एकोणिसाव्या महिन्यात परवाना चालू असेल तर तेही भत्त्याला पात्र ठरतात. कमी उत्पन्नवाल्यांना हे रिटर्न फुकट भरून देणारे स्वयंसेवकही तिथे असतात.