स्वभाव की रीत?

मंडळी, एका शब्दापासून सुरुवात करते. शब्द आहे 'ग्रेव्ही'.

ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांचं उपाहारगृह होतं. तिथे वाढण्याच्या कामावर भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने लागल्या होत्या. मालाची चढउतार करणारे कामगार जेवायला यायचे. कुणी मांसाचा पदार्थ घेतला, की त्यावर ग्रेव्ही हवी का, एवढंच विचारायचं. थोड्याच दिवसांत कुरबुर सुरू झाली. या बायका तुसड्या आहेत, कुणाला मदत करायची यांची तयारीच नाही, असं कामगार म्हणू लागले, वरचे साहेबही म्हणू लागले. आणि ही माणसं आपल्याशी अशी का वागतात, हे त्या बायकांना कळेना.

जॉन गम्पर्झ या भाषावैज्ञानिकाने तिथलं बोलणं टेप करून ऐकलं. १९८२ साली त्याने ते लिहून प्रसिद्ध केलं. सापडलेली गोष्ट एवढीशी होती. आता मी तो शब्द दोनदा उच्चारते, नीट ऐका. 'ग्रेव्ही?' शेवटी सूर वर गेला. 'ग्रेव्ही.' शेवटी सूर खाली आला. इंग्रज बाई पहिल्यासारखं विचारायची. ऐकणाऱ्याला त्यात 'घालू का?' ऐकू यायचं. आपल्याकडच्या बायका दुसऱ्यासारखं म्हणायच्या. इंग्रज कानाला ते असं लागायचं: 'ही ग्रेव्ही. घ्यायची तर घ्या.' त्या बायकांच्या लेखी मात्र अशा वेळी विचारायची साधी, सरळ पद्धत तीच होती.

इथे जरा थांबू या, कारण मला जे सांगायचंय ते सगळं या एका शब्दात आहे. 'यांचा सूर वेगळा लागतो' असं कुणीच म्हणालं नाही. सगळे म्हणाले, बायका उद्धट आहेत. परक्या माणसाचं व्याकरण चुकलं, तर आपण म्हणतो, याची भाषा अजून कच्ची आहे. सूर चुकला, तर म्हणतो, माणूसच खवचट आहे. व्याकरणाची चूक आपण भाषेच्या खात्यावर टाकतो आणि सुराची चूक माणसाच्या स्वभावावर. दोन संस्कृतींची माणसं बोलायला बसली की सर्वांत जास्त नुकसान याच जागी होतं, असं माझं ठाम मत आहे. शब्द अडला तर निदान दोघांना कळतं तरी. सुराचं कळतच नाही.

सुराचं जे, तेच थांबण्याचं. २००९ साली टान्या स्टिव्हर्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या दहा भाषांमधल्या रोजच्या गप्पांचं चित्रण तपासलं. हो-नाही अशा उत्तराचा प्रश्न विचारल्यावर समोरचा किती वेळाने उत्तर देतो, हे त्यांनी मोजलं. सरासरी निघाली साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. जपानी सर्वांत झटपट, सरासरी ७ मिलिसेकंद. डॅनिश सर्वांत सावकाश, ४६९. दोन टोकांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाहूनही कमी! घड्याळात बघून हे कळायचं नाही. पण आपला कान इतका तिखट, की एवढ्याशा उशिरानेही 'याला आवडलेलं दिसत नाही' असा निकाल आत लागून जातो. आणि ज्याला थोडं थांबून बोलायची सवय आहे, त्याला वाटतं, हे मला बोलूच देत नाहीत. दोघंही आपापल्या घरच्या शिस्तीत वागत असतात.

जपानी माणूस ऐकताना मधूनमधून 'हाय' म्हणतो. शब्दकोशात त्याचा अर्थ 'होय' असा सापडेल. पण ऐकता ऐकता म्हटलेलं 'हाय' पुष्कळदा आपल्या 'हं, हं'सारखं असतं. 'ऐकतोय, बोला पुढे.' त्याला होकार समजून बसलेला माणूस नंतर फसवलं गेल्याची तक्रार करतो.

आणि काही ठिकाणी मुळी बोलायचंच नसतं. कीथ बासो या मानववंशशास्त्रज्ञाने १९७० साली अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या सिबेक्यू इथल्या पश्चिमी अपाची या मूळनिवासी लोकांच्या मौनावर लिहिलं. मुलं दूरच्या निवासी शाळेतून बऱ्याच महिन्यांनी घरी येतात. आईबाप भेटतात आणि गप्प राहतात. पहिल्यांदा बोलायचं ते मुलाने. पोर इतके दिवस परक्या जगात राहून आलंय; त्याच्या मनात काय बदललंय, घराविषयी त्याला आता काय वाटतंय, हे त्याच्या तोंडून कळेपर्यंत घाई करायची नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे आईबाप कोरडे वाटतील. मला तर त्या गप्प बसण्यात केवढी माया दिसते!

आता कुणी म्हणेल, चला, लिहून घेऊ: अपाची अबोल असतात, जपानी झटपट बोलतात. कृपा करून असं करू नका. अशा याद्या घेऊन परदेशी जाणारी माणसं मी पाहिली आहेत. ती समोरच्या माणसाऐवजी यादीशीच बोलत राहतात. बासोचं म्हणणं नेमकं उलटं होतं. हे लोक स्वभावाने अबोल नाहीत. समोरच्याशी आपलं नातं नक्की काय, हे जेव्हा धूसर असतं, तेव्हा ते गप्प राहतात. अनोळखी माणसाची पहिली भेट असो, की लग्नाआधी एकमेकांना भेटणारी मुलगा-मुलगी असोत. नातं स्पष्ट झालं की मौन संपतं.

एक गोष्ट मात्र समजुतीने सुटत नाही, आणि ती टाळून मला पुढे जाता येणार नाही. ती म्हणजे सत्ता. ६ फेब्रुवारी १८४० रोजी न्यूझीलंडमध्ये ब्रिटिश राजसत्ता आणि तिथल्या मूळच्या माओरी लोकांचे प्रमुख यांच्यात वाइतांगीचा करार झाला. हेन्री विल्यम्स हा मिशनरी आणि त्याचा मुलगा या दोघांनी दोन दिवस आधी, एका रात्रीत त्याचं माओरी भाषांतर केलं. इंग्रजी मसुद्यात प्रमुखांनी 'सार्वभौमत्व' दिलं असं होतं. माओरीत तिथे शब्द आला 'कावानातांगा', म्हणजे गव्हर्नरची कारभारी सत्ता. पुढच्याच कलमात 'तिनो रांगातिरातांगा', म्हणजे प्रमुखांचा आपल्या जमिनीवर, गावांवर, ठेव्यांवर पूर्ण अधिकार कायम ठेवला होता. सुमारे ५४० प्रमुखांनी सह्या केल्या. त्यांतल्या फक्त ३९ जणांनी इंग्रजी प्रतीवर; बाकीच्यांनी माओरी प्रतीवर. म्हणजे बहुतेकांनी कारभार दिला, मालकी नाही. पण पुढे राज्य चाललं ते इंग्रजी अर्थाने, कारण बंदुका आणि कचेऱ्या त्या बाजूला होत्या.

उपाहारगृहातल्या बायकांना निदान टेप ऐकता आली. सूर कुठे अडला हे उमगल्यावर लोक आपल्याशी असे का वागत होते याचा उलगडा झाला, गेलेला आत्मविश्वास परत आला. माओरींना मात्र वाट पाहावी लागली. कराराच्या तक्रारी ऐकण्यासाठी १९७५ साली वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन झालं. २०१४ साली त्याने उत्तरेकडच्या प्रमुखांच्या दाव्यावर अहवाल दिला. नुसता कागद न वाचता, सह्यांच्या आधी दोन्ही बाजू एकमेकांशी तोंडी काय बोलल्या, हे त्याने तपासलं. आणि सांगितलं, की फेब्रुवारी १८४० मध्ये सह्या करणाऱ्या त्या प्रमुखांनी सार्वभौमत्व दिलंच नव्हतं. सरकारने लगोलग स्पष्ट केलं, की या निष्कर्षामुळे आजच्या सार्वभौमत्वात काही बदल होत नाही.